मागे जाण्याचा शेवटचा दिवस

आवृत्ती अकरा

आधी सिस्टिम बदलली.
मग पडद्यावर शून्य आलं.
मग भरमूनं गॅसखोलीचं दार उघडलं.
मग तो आत गेला.
मग तो बाहेर आला नाही.

निपाणीत त्या आठवड्यात कुणालाही विचारलं तर हीच पाच वाक्यं, याच क्रमानं. सहावं वाक्य सांगताना लोक आवाज खाली आणत. सिस्टिम प्रशिकनं बदलली.

नागेंद्रच्या वखारीतल्या गॅसखोलीत तंबाखूची बोदं, म्हणजे गोणपाटात बांधलेले मोठे गठ्ठे, छतापर्यंत रचतात, गोळ्या ठेवतात आणि दार चिकटपट्टीनं बंद करतात. गोळ्यांतून गॅस सुटतो. पाच-सहा दिवसांत बोदांतले किडे मरतात. माणूस मरायला इतका वेळ लागत नाही. म्हणून आत एक सेन्सर आहे, त्याची वायर ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत आली आहे, आणि पडद्यावर आकडा दिसतो. आकडा शून्य झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. भरमू वखारीचा मुकादम होता. ऑफिसातून "शून्य!" अशी हाक आली की दार उघडायचं काम त्याचं.

खोली यंदा दसऱ्याच्या सुट्टीआधी बंद केली होती. सुट्टीनंतरच्या सोमवारी सकाळी हाक आली. गॅसचा लसणासारखा वास त्याला आला असेल की नाही कोण जाणे. वखारीत जन्म गेलेल्याच्या नाकात तंबाखूखेरीज काही शिरत नाही.

[ कृपया काहीही बंद करू नका ]

सुनयना विमा कंपनीची तपासनीस. राहायला बेळगावात, अनगोळला, माहेर निपाणीचंच. ती शनिवारी वखारीत आली तेव्हा पोलिसांचं जवळजवळ ठरलं होतं. तिचं मत संध्याकाळपर्यंत आलं तर बघू, नाही तर प्रशिकला आत घेऊ. प्रशिक वखारीच्या फाटकाशी बाकावर बसला होता, शेजारी एक हवालदार.

ऑफिसात नागेंद्रनं खुर्ची पुढे सरकवली. चहा आला. नागेंद्रला काचेच्या ग्लासात, सुनयनाला कागदी कपात.

"मॅडम, आडनाव काय म्हणालासा?"

"म्हणाले नव्हते. कार्डावर आहे. तुम्ही वाचलंय."

"न्हाय, सहज आपलं."

"सहजच. कपावरून कळलं."

नागेंद्र हसला. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा माणूस. "मग आदीच सांगतो. त्यो पोरगा तुमच्यातला हाय म्हणून काय वायलं करू नका."

सुनयनानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर नव्या सिस्टिमचं निळं, फुलाच्या पाकळ्यांसारखं चित्र. मधोमध गॅसच्या प्रोग्रामची चौकट, चौकटीत मोठं हिरवं शून्य. तिनं कॉम्प्युटरच्या मागे हात घालून सेन्सरची वायर उपसली. शून्य तसंच राहिलं. परत जोडली. शून्य. प्रोग्राम बनवणाऱ्यानं धंदा केव्हाच गुंडाळला होता. नव्या सिस्टिमला सेन्सरचं कार्ड ओळखू येत नव्हतं, आणि कार्ड सापडत नाही असं म्हणायचं सोडून प्रोग्राम शून्य दाखवत होता. मागचे आकडे, आलेख, काहीच उघडत नव्हतं.

"हात लावू नका," नागेंद्र म्हणाला. "पुरावा हाय त्यो. जसं हाय तसं ऱ्हाऊ दे."

तिनं सेटिंग उघडलं. नवी सिस्टिम चढवल्याची तारीख: खंडेनवमी, दुपार. त्याखाली राखाडी रंगात एक कळ. मागे जा. कळीखाली बारीक अक्षरांत सूचना: जुनी सिस्टिम दहा दिवस जपून ठेवली जाईल, नंतर पुसली जाईल.

तिनं बोटांवर मोजलं. आजचा दिवस शेवटचा.

"खंडेनवमी," नागेंद्र मागून म्हणाला. "तुमीच सांगा. काट्याला हार, गाडीला हार, कॉम्प्युटरला हार. आमच्यातलं कोण त्या दिवशी मशीन चालू करंल? न मानणारा एकच हाय हितं. त्यो घरात बसून सगळं करतोय, रिमोटवर. नवं पायजे, नवं पायजे, म्हणून माझ्या मागं लागलाता."

खोली बंद, गिऱ्हाइकं तटलेली, माल अडकलेला. आणि वखारीचा मालक म्हणत होता, जसं आहे तसं राहू दे.

[ आपली ओळख पटवता आली नाही ]

प्रशिक तिशीचा असेल. बसस्टँडसमोर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. मंगळवारपासून झोपला नसावा.

"आक्का, मागं न्या. आजच न्या. उद्या काय उरायचं न्हाय."

"का न्यायचं?"

"जुन्यावर सेन्सर चालतोय हे तरी दिसंल."

"आणि नव्यावर तुझ्या काही खुणा असतील तर त्या पुसल्या जातील."

 तो कोरडं हसला. "व्हय. तसंबी म्हंता येतंय. मागं न्या म्हटलं की मी चोर, न्हेऊ नका म्हटलं तरी मीच."

"नवी चढवा म्हणून तू मागे लागला होतास?"

"उलटं हाय आक्का! या म्हैन्यात जुन्या सिस्टिमला कंपनीचा सपोर्ट बंद होणार, पडद्यावर रोज इशारा यायचा, म्हणून मालकच बदल म्हणत हुतं. मी पेनड्राइव्ह करून दिला, पर सांगिटलं, घरच्या कॉम्प्युटरला वापरा, ह्याला नगो. नव्यावर ह्यो सेन्सर आंधळा हुतोय, शून्य दावतोय. ह्याची नेटची वायर काढा आणि जुनीच चालवा. दोनदा सांगिटलं."

"कुणासमोर?"

"कुणासमोर न्हाय." त्यानं मान खाली घातली. "मालकासमोर."

"खंडेनवमीला कुठं होतास?"

"नागपूरच्या गाडीत. सगळी गल्ली हुती. मंगळवारी परत आलो, तवा भरमूअण्णाची माती झालती. मी घरी गेलो भेटायला, तर त्याच्या बायकोनं, आक्काताईनं, दारातनंच..."  मग म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. त्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजतीया. आदी नक्कल काढू, मग बघू, असं करू नका. मधीच बसंल. एक काम झेपंल तिला. एकच."

हवालदारानं घड्याळाकडे पाहिलं.

[ दुसरा वापरकर्ता ]

"मला काय माहीत नाही," रचना म्हणाली. तिला अजून काही विचारलं नव्हतं.

रचना खानापूरकडची, वखारीत हिशेब आणि कॉम्प्युटर बघायची. पासवर्ड तिघांना ठाऊक होता. तिला, नागेंद्रला, प्रशिकला.

"सोमवारी 'शून्य' अशी हाक कुणी दिली?"

"मी नव्हते. माझी बस उशिरा आली. आले तर... सगळे पळत होते." ती पदराशी चाळा करत राहिली. "दुपारी अण्णांनी, म्हणजे मालकांनी, सगळ्यांना घरी घालवलं. एकटेच थांबले. दुःख झालंय म्हणाले."

"दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर कसा होता?"

"असाच. नवा. अण्णा म्हणाले, बघ, प्रशिकनं काय करून ठेवलंय." मग ती म्हणाली, "नेट चालत नव्हतं. वायर खाली लोंबत होती. मीच जोडली. झाडताना निघाली असंल म्हटलं."

"पूजेला होतीस?"

"व्हय की. कॉम्प्युटरला हार मीच घातला."

"नागेंद्र?"

"अण्णा सदलग्याला, सासरवाडीला गेलते. पूजा औंदा भरमूमामांनीच केली. मॅडम, माझी नोकरी जाईल हो. मी काय सांगितलं नाही तुम्हाला."

"तू काही सांगितलं नाहीस," सुनयना म्हणाली.

[ शिफारस: पुढे चला ]

भरमूचं घर वखारीच्या मागच्या गल्लीत. आक्काताई भिंतीला टेकून बसली होती. सुनयना समोर जमिनीवरच बसली.

"त्या पोराला सोडू नका बाई," आक्काताईनं सुरुवातच तिथून केली. "माझ्या हातचं जेवलाय त्यो. आन् घरात बसून बटन दाबून माझा माणूस मारला. दारात आलता, तोंड बगितलं न्हाय मी त्याचं."

सुनयनानं प्रशिकचं नाव काढलं नाही. भरमूचे शेवटचे दिवस कसे गेले एवढंच विचारलं.

"चांगलं गेलं की. खंडेनवमीला लई खूश हुतं." आक्काताई दाराकडे बघून पुटपुटली, "अण्णाला सांगू नका हां. रागवंल."

"नाही सांगत."

"थोरल्या मालकांच्या वेळंला वखारीतली लाइटची मेन पाडून पूजा व्हायची. सगळी मशीनं एक दीस गप. समईच्या उजेडात आरती. थोरलं मालक गेलं आन् अण्णानं बंद केलं ते. सेन्सर बंद पडतोय, पंखा बंद पडतोय, कशाला पायजे ही थेरं, म्हणायचं. औंदा अण्णा सदलग्याला. मग ह्यांनी गुपचूप मेन पाडली. दांड्याला हार बांदला झेंडूचा. ती रचना आरतीत चाचपडत हुती, तर हसलो आमी. दसऱ्याला सकाळी जाऊन ह्यांनीच मेन परत चढवली." तिनं डोळे पुसले. "आता काय कोण रागवणार म्हणा. पर नगा सांगू."

सुनयना उठली. दारापर्यंत जाऊन मागे वळली.

"आक्काताई, माझ्याबरोबर वखारीत चला. मी दिलेला शब्द मोडणार आहे. तो तुमच्यासमोर मोडायला हवा."

आवृत्ती दहा

ऑफिसात सगळे. नागेंद्र त्याच्या खुर्चीत. रचना कपाटाला चिकटून. प्रशिक दारात, हवालदाराचा हात त्याच्या खांद्यावर. आक्काताई उंबऱ्यावर, प्रशिककडे पाठ करून.

"या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम खंडेनवमीच्या दुपारी चढली असं तोच सांगतो," सुनयना म्हणाली. "त्या दुपारी या वखारीत वीज नव्हती. भरमूनं मेन पाडली होती."

नागेंद्रनं मान वर केली. "कुणी सांगिटलं?"

"मी," उंबऱ्यावरून आक्काताई म्हणाली. 

"म्हणजे तारीख खोटी. कुणीतरी घड्याळ मागे नेलं, मग सिस्टिम चढवली, मग घड्याळ पुढे आणलं."

"आवो, बॅटरी गेली आसंल आतली."

"बॅटरी गेली तर घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. बरोबर खंडेनवमीवर येऊन थांबत नाही. आता दुसरं. नेट जोडलेलं असतं तर घड्याळ आपोआप जागेवर आलं असतं. म्हणजे वायर काढून काम झालं. मंगळवारी ती लोंबत होती." रचनाकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. "वायर काढली की रिमोट संपला. म्हणजे करणारा या खोलीत होता. प्रशिक खंडेनवमीपासून मंगळवारपर्यंत गावातच नव्हता."

हवालदाराचा हात तिथंच होता, पण आता नुसता ठेवलेला.

"रचना खोलीत येऊ शकते. पासवर्ड तिला येतो. पण ती आरतीला होती, अंधारात चाचपडत होती. वीज नव्हती हे माहीत असलेलं माणूस खोटी तारीख म्हणून तोच दिवस निवडेल? तो दिवस निवडणाऱ्याला मेन पाडल्याचं ठाऊक नव्हतं. तो गावात नव्हता. आणि त्या दिवशी मशीनला हात कोण लावेल, लोकांच्या मनात पहिलं नाव कुणाचं येईल, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं."

 कॉम्प्युटरच्या डब्यात टक्. थांबून टक्.

"पाच वाक्यं आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांना पाठ झालेली. मला ती अशी लागतात."

पडद्यावर आकडा होता. शून्य नव्हता.
भरमूनं दार उघडलं.
तो आत गेला.
तो बाहेर आला नाही.
मग सिस्टिम बदलली.

"हे तुमचं डोकं," नागेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट मऊ झाला होता. "दावा की. हाय कुठं आकडा?"

"जुन्या सिस्टिममध्ये. ती बदलली त्या क्षणी जशी होती तशी आत गोठून आहे. खंडेनवमीला बदलली असेल तर त्यानंतरचं तिला काहीच माहीत नसणार. सोमवारी बदलली असेल तर तिला सोमवारची सकाळ माहीत आहे."

"आन् डिस्क मधीच बसली तर? सगळा पुरावा गेला, तुमच्या हातनं गेला. मी तुमच्यावर केस घालीन. म्हणीन, आपल्यातला वाचवायला बाईनं कॉम्प्युटर मारला." त्यानं प्रशिककडे बोट केलं. "आन् ह्यो तर जाईलच. सांग की रं, आता दाब म्हंतोस?"

प्रशिकच्या कपाळावर घाम होता. थोडा वेळ त्यानं त्या टकटकीकडे कान दिला. "दाबा, आक्का."

तिनं कळ दाबली. सिस्टिमनं कारण विचारलं, नव्या सिस्टिममध्ये काय आवडलं नाही? तिनं उत्तर दिलं नाही. सिस्टिमनं विचारलं, त्यापेक्षा एखादं अपडेट बघता का? तिनं नको म्हटलं. नक्की? नक्की.

पडदा काळा झाला.

[ मागील आवृत्ती परत आणत आहोत ]

टक्.

"पाणी घेणार का मॅडम?" नागेंद्रनं विचारलं. तो कधी नव्हे इतका बोलू लागला. पावसानं यंदा पानांना डाग पडलेत. महामार्गाचं काम रखडलंय. सदलग्याच्या मेव्हण्याला चिकोडीत मोठं घर बांधायचंय. तो एकेक विषय काढत होता.

टक् टक्.

आक्काताई उंबऱ्यावरून उठून आत आली. या ऑफिसात ती आयुष्यात पहिल्यांदा आत आली असावी. ती पडद्यासमोर उभी राहिली.

टक् टक् टक् टक्. मग आवाज थांबला.

काळ्या पडद्यावर काहीच नाही. प्रशिकनं डोळे मिटले. नागेंद्रनं बोलणं तोडलं आणि खुर्चीत मागे टेकला. त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

खूप वेळ.

मग डब्यात एकदा खरडल्यासारखं झालं, आणि पडदा उजळला. जुनं चित्र: खिडकी आणि तिच्यातून येणारा निळा प्रकाश. कोपऱ्यात गॅसचा प्रोग्राम आपोआप उघडला. चौकटीचा वरचा पट्टा लालभडक होता.

रचनानं जवळ येऊन वाचलं, कारण बाकी कुणाला वाचवत नव्हतं. "धोका. सोमवार, सकाळ. आकडा तीनशे ऐंशी." ती अडखळली. "खाली लिहिलंय... इशारा पाहिला. म्हणजे कुणीतरी 'पाहिलं' वर क्लिक केलंय. ते केल्याशिवाय हा पुढं जातच नाही." तिनं आलेखाची रेघ बोटानं दाखवली. एक अख्खा दिवस रेघ नव्हती, नुसती रिकामी जागा. "ही खंडेनवमी. त्याच्यापुढं दसरा, शुक्रवार, शनिवार, रविवार. सगळं आहे."

सुनयनानं विचारलं, "तीनशे ऐंशीला दार उघडतात?"

"न्हाय," प्रशिक म्हणाला. "एकलासुद्धा न्हाय."

हवालदारानं प्रशिकच्या खांद्यावरचा हात काढला, तो हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना, आणि दोन पावलं चालून तो नागेंद्रच्या खुर्चीमागे उभा राहिला.

नागेंद्र पडद्याकडे बघत नव्हता. तो आक्काताईच्या खांद्याकडे बघत होता. "गाडी भायेर उभी हुती," तो म्हणाला. "डायवर सारखा हॉर्न वाजवत हुता. शून्य यायला अजून दोन दीस लागलं असतं. आकडा लई धरून बसायचं नसतंय गं आक्का. दार उघडलं की वारं लागतंय, गॅस जातोय. आजवर कितीदा तसंच उघडलंय आपण. पाच मिनटं दम धरून आत गेलं की काय हुत न्हाय माणसाला."

आक्काताईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. रडत नव्हती. खरंच काही समजून घ्यायचं असावं तशी.

"मग तुमी का न्हाय गेलासा, अण्णा?"